मोटारींतील हायड्रोजन : सांठवण आणि भरणा

हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीविषयीं वर्तमानपत्रांत जें कांहीं छापून येतें त्यांत बहुधा एकच गोष्ट ठळक अक्षरांत असते : या मोटारीच्या नळींतून धूर निघत नाहीं, पाणी निघतें. गोष्ट खरी आहे आणि मनोहरहि आहे. पण ती प्रवासाच्या शेवटची गोष्ट झाली. हा वायु मोटारींत शिरतो कसा आणि शिरल्यावर तेथें राहतो कसा, या आरंभाच्या गोष्टीकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः या वाहनाचें भवितव्य इंजिनापेक्षां टाकीवर आणि पंपावर अधिक अवलंबून आहे. म्हणून आजच्या भाषणांत मी टाकी आणि पंप या दोहोंपुरतेंच बोलणार आहें.

हायड्रोजन कांहीं नवा नव्हे. हेन्री कॅव्हेंडिश यानें १७६६ सालीं त्याचे गुणधर्म वर्णिले. लव्हॉझिए यानें त्याला 'पाणी निर्माण करणारा' अशा अर्थाचें नांव दिलें. आयझॅक द रिव्हाझ यानें हायड्रोजनच्या स्फोटावर चालणाऱ्या इंजिनाचा हक्क १८०७ सालीं नोंदविला, म्हणजे बेंझच्या पेट्रोलच्या मोटारीच्या जवळजवळ ऐंशीं वर्षें आधीं. पुढें १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह यानें हायड्रोजन आणि प्राणवायु यांच्या संयोगांतून सरळ वीज काढून दाखविली. आजच्या मोटारींतील इंधनघटाचा तोच पूर्वज. तेव्हां हायड्रोजन हातीं होता, इंजिन होतें, घट होता. अडलें तें एकाच ठिकाणीं. हा वायु ठेवावयाचा कशांत?

ही अडचण नीट कळण्यास दोन आंकडे पुरेसे आहेत. वजनानें पाहिलें तर हायड्रोजनसारखें इंधन नाहीं. एक किलो हायड्रोजन जळला असतां सुमारें १२० मेगाज्यूल उष्णता देतो. एक किलो पेट्रोल सुमारें ४४. म्हणजे हा वायु पेट्रोलच्या पावणेतीनपट सरस. आतां आकारमान पाहा. आपल्या घरांतल्या हवेच्या दाबाला आणि उष्णतेला तो एक किलो हायड्रोजन सुमारें बारा हजार लिटर जागा व्यापतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीची क्षमता अठ्ठावीस हजार लिटरांच्या आसपास असते. त्या खोलींत सव्वादोन ते अडीच किलो हायड्रोजन मावेल, आणि तेवढ्यांत मिळणारी शक्ति आठ-नऊ लिटर पेट्रोलची. वजनांत हलका पण जागेंत अवाढव्य, असा हा पाहुणा आहे.

त्याला लहान करण्याचा सरळ उपाय म्हणजे दाबणें. दाबाची कल्पना यावी म्हणून ओळखीच्या वस्तूंपासून आरंभ करूं. मोटारीच्या चाकांतील हवा बाहेरच्या हवेपेक्षां सुमारें दोन बारांनीं अधिक दाबलेली असते; बार म्हणजे जवळजवळ एका वातावरणाचा दाब. मुंबईंतील टॅक्सी आणि रिक्षा ज्या सीएनजीवर धांवतात तो टाकींत सुमारें २०० बारांना भरलेला असतो. हायड्रोजनच्या मोटारींत मात्र ७०० बार लागतात. आणि येथें हा वायु एक खोडी करतो. शाळेंत शिकविलेल्या बॉइलच्या नियमाप्रमाणें दाब दुप्पट केला कीं माल दुप्पट मावावयास हवा. पण अशा प्रचंड दाबांना हायड्रोजन नियमाला जुमानीनासा होतो; त्याचे कण एकमेकांस खेटूं लागतात व आणखी जवळ येण्यास नाखूष असतात. ३५० बारांना एका लिटरांत सुमारें २४ ग्रॅम मावतात. ७०० बारांना ४८ नव्हे, फक्त ४०. दाब दुप्पट, लाभ दीडपटीच्या थोडासा वर. म्हणूनच मोटारींच्या टाक्या ७०० बारांवर येऊन थांबल्या आहेत. याहून पुढें जाण्यांत कष्ट फार आणि प्राप्ति थोडी.

असा दाब सोसणारी टाकी पोलादाची केली तर ती इतकी जाड करावी लागेल कीं मोटारीनें आपली टाकीच वाहून नेण्यांत आयुष्य घालवावें. शिवाय हायड्रोजनचे सूक्ष्म अणु कठीण पोलादांत शिरून त्यास ठिसूळ करतात. यावर काढलेली युक्ति मोठी कौतुकाची आहे. आंत नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचें एक पातळ अस्तर असतें. त्याचें काम केवळ वायूस अडविणें. त्याभोंवतीं कार्बनच्या तंतूंचे पदर राळेंत भिजवून, सुताच्या गुंडीवर दोरा गुंडाळावा तसे, ठरलेल्या तिरक्या दिशांनीं गुंडाळतात. दाब सोसण्याचें काम त्यांचें. टोयोटाची मिराई ही मोटार २०१४ च्या डिसेंबरांत जपानांत विक्रीस आली. २०२० सालच्या तिच्या दुसऱ्या आवृत्तींत अशा तीन टाक्या असून त्यांत मिळून १४२ लिटर जागा आणि ५.६ किलो हायड्रोजन असतो. अमेरिकी सरकारी चांचणीप्रमाणें तेवढ्यावर ती ४०२ मैल, म्हणजे सुमारें ६४७ किलोमीटर जाते. टाकी आणि वायु मिळून जें वजन होतें त्याच्या शेंकडा सहा वायु आणि बाकीचे चौऱ्याण्णव भाग टाकी! नारळापेक्षां करवंटी जड, असा हा प्रकार आहे. तरी पूर्वीच्या पोलादी नळकांड्यांच्या मानानें ही प्रगति मोठीच. किंमतीचें गाठोडेंहि त्या कार्बनतंतूंतच आहे. टाकी स्वस्त करणें म्हणजे मुख्यतः तंतु स्वस्त करणें किंवा तो कमी लागेल असा गुंडाळणें.

येथपर्यंत टाकी झाली. आतां पंपाकडे वळूं. कारण माझ्या मतें खरी कसोटी तेथेंच आहे.

लहानपणीं सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हातास ऊन लागल्याचें आपणांपैकीं पुष्कळांस स्मरत असेल. दाबलेला वायु तापतो. हायड्रोजनच्या टाकींत हेंच घडतें, पण फार मोठ्या प्रमाणावर. रिकाम्या टाकींत जोरानें वायु सोडला, तर आधीं शिरलेल्या वायूस मागून येणारा वायु दाबतो आणि तें सर्व काम उष्णतेच्या रूपानें टाकींत सांठतें. टाकीच्या भिंतींनीं कांहींच उष्णता शोषली नाहीं असें समजलें, तर २७ अंश सेंटिग्रेडचा वायु हिशेबानें १४५ अंशांच्याहि वर जाईल. प्रत्यक्षांत भिंती कांहीं उष्णता घेतात. पण प्लॅस्टिक आणि राळ हे उष्णतेचे मंद वाहक, त्यामुळें ती बाहेर जाण्यास वेळ लागतो. म्हणजे ज्या युक्तीनें टाकी हलकी झाली तिनेंच भरणा अवघड करून ठेवला. पोलादाची भिंत उष्णता चटकन् बाहेर टाकती.

याच्या जोडीला आणखी एक चमत्कार आहे. बहुतेक वायु अधिक दाबांतून कमी दाबांत सुटले म्हणजे थंड होतात. हायड्रोजन उलटा. सुमारें उणे ७० अंशांच्या वरच्या उष्णतामानांत तो तसा सुटला असतां किंचित् तापतो. कित्येक लेखांतून टाकी तापण्याचें सगळें खापर या गुणधर्मावर फोडलेलें दिसतें. तें बरोबर नाहीं. त्याचा वांटा लहान आहे; मोठा वांटा दाबण्याचाच.

टाकीचें अस्तर आणि राळ यांच्या आरोग्यासाठीं टाकींतील वायूची मर्यादा ८५ अंश ठरविलेली आहे. मग उपाय दोनच : सावकाश भरा, किंवा वायु आधीं गार करा. सावकाश भरावयाचें तर या मोटारीचा मुख्य डौलच नाहींसा होतो. विजेच्या बॅटरीवरील मोटारीपुढें तिची बढाई असते ती हीच, कीं आम्ही पांच मिनिटांत भरून निघतों. म्हणून पंपाच्या पोटांत शीतयंत्र असतें आणि तोटींतून येणारा वायु उणे ३३ ते उणे ४० अंशांपर्यंत थंड केलेला असतो. अमेरिकेंतील वाहनशास्त्रज्ञांच्या एसएई या संस्थेनें या भरण्याचा नियमग्रंथच केला आहे. जे२६०१ या क्रमांकानें तो जगभर ओळखला जातो. त्यांत बाहेरची हवा किती उष्ण, टाकी केवढी, आरंभीं तींत दाब किती, हें पाहून दर मिनिटास दाब किती वाढवावा याचे तक्ते आहेत. छोट्या मोटारींसाठीं वेगाची कमाल मर्यादा सेकंदास ६० ग्रॅम.

मोटार आणि पंप यांचा संवादहि चालतो. मोटारीच्या तोंडाशीं एक लहानसा दिवा असतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या किरणांनीं तो टाकींतील दाब आणि उष्णता पंपाला कळवीत राहतो. संवाद तुटला तर पंप सावध होतो आणि थोडें कमीच भरून थांबतो. भरतांना वायु उष्ण असल्यामुळें कांटा ७०० च्या पुढें, वेळीं ८७५ बारांपर्यंत जाऊं दिला जातो. टाकी थंड झाली म्हणजे दाब आपोआप उतरतो. त्यामुळें 'टाकी भरली' याचा अर्थ दाबावर नव्हे, आंत शिरलेल्या वजनावर ठरतो : १५ अंशांना ७०० बार झाले असते तितका माल.

या नियमांत अलीकडे एक चांगली सुधारणा झाली. तक्त्यांत नेहमीं वाइटांत वाईट परिस्थिति गृहीत धरलेली असते : टाकी उन्हांत तापलेली, पंपाची नळी गरम. नव्या पद्धतींत पंप प्रत्यक्ष निघणाऱ्या वायूचें उष्णतामान क्षणोक्षणीं मोजतो आणि त्यावरून वेग ठरवितो. शीतयंत्र थोडें कमी पडलें तरी भरणा सोडून द्यावा लागत नाहीं, मंद होतो इतकेंच. आणि परिस्थिति अनुकूल असेल तर विनाकारण दिरंगाई होत नाहीं.

आतां एक गणित करून पाहूं. पांच मिनिटांत पांच किलो, म्हणजे मिनिटास एक किलो. एक किलो हायड्रोजनमध्यें ३३ युनिट वीज होईल इतकी शक्ति. मिनिटास ३३ युनिट म्हणजे तासाला सुमारें दोन हजार. तेव्हां त्या एका तोटींतून दोन हजार किलोवॅट शक्ति वाहत असते! रस्त्यावरचीं जलद विद्युत्-भरणकेंद्रें ३५० किलोवॅटांच्या आसपास आहेत. मोटारींतील इंधनघट यांतली जवळजवळ निम्मी शक्ति वाटेंत गमावतो हें धरलें तरी तोटी वरचढच ठरते. हायड्रोजनच्या कैवाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा हा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

पण तो मुद्दा पहिल्या मोटारीपुरता खरा. पंपामागें नळकांड्यांची एक रांग असते. तींत वायु ९०० बारांच्या आसपास दाबून ठेवलेला असतो आणि तो आपल्या दाबानें मोटारींत उतरतो. एक मोटार भरली कीं रांगेंतला दाब उतरतो, शीतयंत्राचा गारवाहि कमी होतो. दुसरी, तिसरी, चौथी मोटार पाठोपाठ आली तर दाबयंत्रास पुन्हा दम घेऊं द्यावा लागतो. कॅलिफोर्नियांत, जेथें या मोटारी हजारोंच्या संख्येनें विकल्या गेल्या, तेथील मालकांचा अनुभव असाच कष्टाचा आहे : पंप बंद, पंपांत वायु नाहीं, किंवा वायु आहे पण दाब नाहीं. २०१९ च्या १ जून रोजीं सांता क्लारा येथें वायु भरण्याच्या ठिकाणीं स्फोट व आग झाली आणि तेवढ्यानें सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांतील पुरवठा विस्कळित झाला. २०२३ सालीं तेथें कांहीं पंपांवर किलोस ३६ डॉलर भाव झाला; म्हणजे मिराईची टाकी भरण्यास दोनशें डॉलर. २०२४ च्या फेब्रुवारींत शेल कंपनीनें तेथील मोटारींसाठीं असलेले आपले पंप कायमचे बंद करीत असल्याचें जाहीर केलें. मोटार निर्दोष आणि मालक रस्त्याच्या कडेला, अशी ही स्थिति. ज्या गृहस्थांनीं विश्वासानें पैसे घातले त्यांच्या दृष्टीनें पांच मिनिटांच्या भरण्याला कांहीं अर्थ उरला नाहीं.

स्फोटाचें नांव निघालेंच आहे, तर सुरक्षिततेविषयीं थोडें. हायड्रोजन म्हटला कीं लोकांना १९३७ सालचें हिंडेनबर्ग विमान आठवतें. पण त्याच्या पिशव्यांची तुलना आजच्या टाकीशीं करतां येत नाहीं. या टाकीस जो दाब नेहमीं सोसावा लागतो त्याच्या निदान दुप्पट दाबाला ती फुटतां कामा नये असा नियम आहे. आणि आग लागली तर सुमारें ११० अंशांना वितळणारी एक कळ टाकी मोकळी करून वायु ठराविक दिशेनें सोडून देते. सुटलेला हायड्रोजन वर निघून जातो, पेट्रोलसारखा जमिनीवर पसरत नाहीं. मात्र त्याचे दुर्गुणहि जबर आहेत. हवेंत शेंकडा ४ पासून ७५ पर्यंत कितीहि मिसळला तरी तो पेटूं शकतो, आणि पेटण्यास अगदीं क्षुल्लक ठिणगी पुरते. दिवसाउजेडीं त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाहीं. स्वयंपाकघरांतील गॅसला जो उग्र वास मुद्दाम दिलेला असतो तसा याला देतां येत नाहीं, कारण त्या वासांतील गंधक इंधनघटास विषासारखें बाधतें. त्यामुळें नाकावर भिस्त नाहीं, यंत्रावरच ठेवावी लागते.

आणि यंत्र माणसें जोडतात. नॉर्वेमध्यें ऑस्लोजवळ सँडव्हिका येथील पंपावर २०१९ च्या १० जून रोजीं मोठा स्फोट झाला. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. जवळच्या मोटारींतील हवेच्या उशा धक्क्यानें फुगल्यामुळें दोघांना किरकोळ इजा झाली. चौकशींत निघालें काय? टाकी फुटली नव्हती, शास्त्र चुकलें नव्हतें. उच्च दाबाच्या एका नळकांड्याच्या बुचाचे आंतले बोल्ट जोडणीच्या वेळीं पुरते आवळले गेले नव्हते. तेथून वायु झिरपला आणि पेटला. शास्त्रीय शोधांविषयीं आपण जितक्या उत्साहानें बोलतों त्याच्या एक दशांश उत्साहानें पाना चालविणाऱ्या फिटरच्या शिक्षणाविषयीं बोललों तर बरें होईल, असें मला हा अहवाल वाचतांना वाटलें.

दाबण्याऐवजीं दुसरे मार्ग नाहींत काय? आहेत. एक, वायूचा द्रव करणें. उणे २५३ अंशांना हायड्रोजन द्रवरूप होतो आणि लिटरांत ७१ ग्रॅम मावतात. (गंमत अशी कीं साध्या पाण्याच्या एका लिटरांत १११ ग्रॅम हायड्रोजन असतो, निसर्गानें तो आपल्याहून अधिक चातुर्यानें सांठविला आहे, फक्त परत मागितला कीं भरपूर वीज मोजून घेतो.) द्रव करण्यासाठीं त्यांतील शक्तीच्या सुमारें एक तृतीयांशाइतकी वीज खर्ची पडते, आणि कितीहि चांगला थर्मास केला तरी द्रव हळूहळू उकळतोच. बीएमडब्ल्यूनें २००६-०७ सालीं काढलेल्या द्रव-हायड्रोजनच्या मोटारींत अर्धी टाकी सुमारें नऊ दिवसांत नुसती उभ्याउभ्या रिकामी होत असे. घरची मोटार आठवडा-आठवडा उभी असते. तिला हें परवडत नाहीं. पण रोज धांवणाऱ्या मालमोटारीला परवडेल. २०२३ च्या सप्टेंबरांत डेम्लर कंपनीची एक मालमोटार द्रव हायड्रोजनच्या एका भरण्यावर व्यर्थ ते बर्लिन १,०४७ किलोमीटर गेली; पुढील वर्षीं व्यर्थ येथें उघडलेल्या पंपावर ८० किलो द्रव दहा-पंधरा मिनिटांत भरतां येतो.

दुसरा मार्ग धातूंत मुरविण्याचा. पॅलेडियम धातु हायड्रोजन पिते हें थॉमस ग्रॅहॅम यानें एकोणिसाव्या शतकांतच पाहिलें होतें. लँथॅनम आणि निकेल यांचें मिश्रण साध्या दाबाला हा वायु स्पंजासारखा शोषून घेतें. काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांतील प्राध्यापक ओंकारनाथ श्रीवास्तव यांनीं अशाच धातुमिश्रणाच्या टाकीवर मोटारसायकल चालवून दाखविली होती. पण अडचणी दोन. हें मिश्रण आपल्या वजनाच्या शेंकडा दीडहि हायड्रोजन धरीत नाहीं. पांच किलोंसाठीं साडेतीनशें किलो धातु हवी. आणि वायु मुरतांना उष्णता बाहेर पडते. पांच किलो पांच मिनिटांत मुरवूं म्हटलें तर अडीचशें किलोवॅट उष्णता काढून टाकावी लागेल, म्हणजे एक किलोवॅटच्या अडीचशें इस्त्र्या एकदम तापलेल्या! पाणबुडींत ही अडचण नाहीं. तेथें वजन हवेंच असतें आणि भोंवतीं समुद्र आहे. जर्मन पाणबुड्या हायड्रोजन असाच वाहून नेतात. तिसरा मार्ग सच्छिद्र स्फटिकांचा. धातु आणि सेंद्रिय द्रव्यें यांचे जाळीदार सांगाडे रचण्याबद्दल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना २०२५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या जाळींत हायड्रोजन चिकटून बसतो, पण चांगला बसतो तो द्रव नत्रवायूच्या थंडींत. साध्या हवेंत त्याची पकड फार सैल. मोटारीपर्यंत हा मार्ग अद्याप पोंचलेला नाहीं.

आपल्याकडे काय चाललें आहे? २०२३ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें हरित हायड्रोजनच्या राष्ट्रीय योजनेस १९,७४४ कोटि रुपयांची मंजुरी दिली. त्याआधीं २०२२ च्या ऑगस्टांत पुण्यांत, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या संशोधन-परिषदेची आहे तिच्या आणि केपीआयटी कंपनीच्या सहकार्यानें तयार झालेली इंधनघटावरील बस लोकांपुढें आली. २०२५ च्या मार्चांत ३७ वाहनें आणि ९ पंप यांच्या प्रायोगिक योजना मंजूर झाल्या. त्यांतील मार्गांत पुणें-मुंबई हाहि एक आहे.

बस आणि मालमोटार निवडली हें मला योग्य वाटतें. शहरांतल्या खासगी मोटारीचा प्रश्न बॅटरीनें बहुतांशीं सोडविला आहे. तेथें हायड्रोजननें स्पर्धा करणें म्हणजे उशिरा पोंचून जागा मागणें. बसच्या टपावर जागा भरपूर असते, म्हणून ३५० बारांच्या स्वस्त टाक्या चालतात. आणि गाड्या रोज एकाच डेपोंत परत येतात, म्हणून गांवोगांव पंप उभारावे लागत नाहींत. पण आपली हवा ही आपली स्वतंत्र अडचण आहे. बाहेरची हवा जितकी उष्ण तितका भरण्याचा वेग कमी करावा, असें तक्तेच सांगतात. विदर्भांत मे महिन्याच्या दुपारीं ४५ अंशांत उभ्या असलेल्या वाहनाची टाकी भरावयाची, म्हणजे एक तर शीतयंत्र मोठें हवें, नाहीं तर रांग लांब. म्हणून एखाद्या पंपाच्या उद्घाटनाच्या बातमींत पहिलें वाहन किती मिनिटांत भरलें हें छापून येईल तेव्हां, उन्हाळ्यांतल्या दुपारीं पांचवें वाहन किती मिनिटांत भरलें, हें विचारावें.

कोंकणपट्टींत अडचण वेगळी. उणे ४० अंशांची तोटी दमट हवेंत धरली कीं तीवर बाष्प गोठतें आणि तोटी मोटारीच्या तोंडाला घट्ट चिकटून बसते. कॅलिफोर्नियांतल्या मालकांचीहि ही जुनी तक्रार आहे. तोटीभोंवतीं कोरड्या नत्रवायूचा झोत सोडून पंपवाले ती टाळण्याचा प्रयत्न करतात. तरीहि चिकटलीच, तर ओढाताण करूं नये. तेथील दट्ट्या नाजूक असतो. कांहीं मिनिटें उभें राहावें, बर्फ वितळतो आणि तोटी आपण होऊन सुटते.